मामांनी मला नावानं हाक मारली

आईबापांनी ठेवलेलं नाव माणसाला कधीच शोभत नाही, ते जगानं नीट पाहून नव्यानं ठेवायला हवं, असं माझ्या थोरल्या मामांचं ठाम मत होतं. आणि जगाच्या वतीनं हे काम त्यांनी एकट्यानं अंगावर घेतलं होतं. गोंदियाजवळच्या बिरसीला, विमानतळाला लागून, त्यांची धानाची शेती. मामीला ते ‘सरपंच’ म्हणत, कारण घरातला प्रत्येक ठराव तीच मांडायची आणि तीच मंजूर करायची. गावच्या खऱ्या सरपंचाला ‘वेटिंग लिस्ट’. मामांनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुड्या कुठे लपवल्यात ते लहानपणी मी मामीला सांगत असे, म्हणून मी ‘हवालदार’. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. गोंदियाला कॉलेजात माझं नाव घालायला मामाच मोटरसायकलवरून घेऊन गेले आणि तिथल्या बाबूला म्हणाले, “आमची हवालदार हाय, बीए करतो म्हणते.” नोकरी सांभाळून अभ्यासाला वेळ मिळेल का, असं बाबूनं मला फार काळजीनं विचारलं होतं.

माणसांची ही गत, पण बैलाला मात्र ते ‘श्यामरावजी’ म्हणत. “श्यामरावजी, जरा सरकता काय?” श्यामरावजी सरकत. शेतावरून विमानतळाची शिकाऊ विमानं घिरट्या घालत. एखादं डगमगलं की मामा चिखलात उभ्यानं मान वर करून सांगत, “नवा पोट्टा हाय.”

मागच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला त्याच चिखलात त्यांचं डोकं एकाएकी असं ठणकलं, की ते शेताच्या धुऱ्यावर बसले आणि ओकायला लागले. गोंदियाहून नागपूर. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली होती. जांघेतून बारीक नळी वर नेऊन त्या फुग्यात तारेची गुंडाळी भरायची, असं डॉक्टरांनी समजावलं. गुंगीतही मामा कुरकुरले, “दुखते डोस्कं, अन् जांघ काऊन पाहून राहिले?” ते आमच्या मामांचं शेवटचं बोलणं ठरतं की काय, असं आम्हाला वाटत होतं.

मामा वाचले. काही दिवसांनी डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण?

“माझी भाची. वैशाली.”

मामीकडे पाहून म्हणाले, “शेवंताबाई.”

डॉक्टर खूश झाले. मामी मात्र बाहेर येऊन भिंतीला टेकली. “लग्न झाल्यापासून ह्या माणसानं माह्यं नाव घेतलं नाही वं. हे डॉक्टर कोणाले परत देऊन राहिले?”

मेंदूला सावरायला महिने लागतात, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चुकवायच्या नाहीत, बीपी रोज बघायचं, ओझं उचलायचं नाही, खर्रा कायमचा बंद. मामांनी सगळं ऐकलं, आणि त्याचीच आम्हाला भीती वाटली. घरी ते खूप झोपत, चार माणसं बोलायला बसली की थकत, ट्रॅक्टरचा आवाज त्यांना सोसत नसे. आणि प्रत्येकाला खऱ्या नावानं, अदबीनं हाक मारत. गाव म्हणालं, सुधरला बापा माणूस. ‘वेटिंग लिस्ट’ तर आपलं नाव ऐकायला रोज चहाला येऊ लागले. मामी मुद्दाम वेडेवाकडे ठराव मांडायची. मामा शहाण्या मुलासारखे बीपीच्या पट्ट्यासाठी हात पुढे करत आणि “ठीक आहे” म्हणत. श्यामरावजींना ते नुसते ‘बैल’ म्हणू लागले होते.

सहा महिन्यांनी तपासणीसाठी पुन्हा नागपूरला गेलो. गुंडाळी जागच्या जागी होती, फुग्यात रक्त शिरत नव्हतं. खर्रा बंद आहे ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मामा म्हणाले, बंद. पण माझ्या नाकाला खर्र्याच्या वासाची जुनी ओळख पटली आणि तोंडातून जुन्या सवयीनं निघून गेलं, “मामी, डावा खिसा.”

मामीनं पुडी बाहेर काढली. मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“हवालदार, तुले बीए कायले शिकवलं वं?”

रागावायला निघालेले डॉक्टर एकदम धास्तावले. ही कोण, नीट आठवून सांगा, म्हणाले.

“सांगतलं ना. हे हवालदार, अन् जप्ती करून राहिली ते सरपंच.”

डॉक्टर डोळ्यांत पाहायला टॉर्च शोधू लागले. मामी पुडी मुठीत धरून, पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी सगळा उलगडा केल्यावर डॉक्टरही हसले. मग त्यांनी ती पुडी स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या टोपलीत टाकून मामांना असं काही झापलं, की हवालदारालाही दया यावी.

सगळंच परत आलेलं नाही. परवा संध्याकाळी मामा गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. “हे आपले... हे...” नाव माझ्या ओठांवर होतं. मामीनं माझा हात दाबला. “राहू दे. त्याहिचं त्याहिले येऊ दे.”

वरून एक विमान डगमगत गेलं. “नवा पोट्टा हाय,” मामा म्हणाले आणि पुन्हा आठवू लागले. बैल मान वळवून, न हलता उभा होता. सरकायला सांगतील म्हणून.