धाकटीच्या वाट्याचा लाल रंग

माझी धाकटी बहीण आणि मी, दोघींना परतूर तालुक्यातच दिलं. तिचं सासर नाल्याच्या पलीकडे, माझं अलीकडे. शेतातून हाक मारली तर ऐकू जाते. पण त्या नाल्यावर महसूल मंडळ बदलतं, हे मला दुष्काळाच्या नकाशानं शिकवलं.

नवऱ्यानं मोबाइलवर तो उघडला. पाऊस कमी ते मंडळ लाल, बरा झालेलं हिरवं. धाकटी लाल, मी हिरवी. माझी तूर उभ्या उभ्या वाळत होती, विहिरीचा तळ दिसत होता, आणि नकाशात मी हिरवीगार! पाऊस मोजायचं यंत्र मंडळाच्या मुख्य गावाला. तिथं एका दुपारी ढग फुटल्यागत कोसळला, तो सगळा आमच्याही नावावर लागला. आमच्या शिवारात तेव्हा धूळ उडत होती. जुन्या, सरासरी पावसाच्या नकाशात आम्ही दोघी एकाच पिवळ्या पट्ट्यात होतो. आताचा पाऊस मात्र एका शेतात धो धो पडतो आणि शेजारच्याला तोंडही दाखवत नाही.

लाल मंडळाला चारा छावणी मिळाली. माझ्या दावणीला गाभण गाय आणि कडबा संपलेला. धाकटीला सगळं आधी मिळायचं. नवं परकर-पोलकं, आईच्या कुशीतली जागा, आता दुष्काळसुद्धा. हसायचं तर हसा, पण मी तिच्या दुष्काळावर जळत होते.

वाटूरच्या बाजारात भेटली तेव्हा तिनं माझं तोंड बघूनच ओळखलं.

"आक्का, गाय माझ्याकडं बांध. छावणीत कुनी इचारलं तर बहिणीनं सांभाळायला देली म्हनते मी."

"उपकार नको करूस."

"उपकार कशाचा? गाय जगवायची का न्हाई, तेवढं बोल."

मी गाय दिली. ती छावणीतच व्याली. खरवस धाकटीनं डब्यात घालून पाठवला, तो माझ्या घशाखाली उतरला नाही.

पाऊस लागला, छावणी उठली, मी गाय आणायला गेले. कासरा धरून नेहमीची हाक मारली. गाय जागची हलली नाही. धाकटी नुसतं "चल माय" म्हणाली, तशी उठली आणि वासरासकट तिच्यामागं नाल्यापर्यंत आली. धाकटी थांबली, गायही थांबली.

"वढ आता," धाकटी म्हणाली.

मी सगळा जोर लावून ओढलं. गाय मान वळवून हंबरली. धाकटीनं पदर डोळ्यांना लावला, आणि खरं सांगते, त्या अख्ख्या वर्षात मला तेव्हाच काय ते गार वाटलं.