डेलमार पेनर हात लावत नाही

डेलमार पेनर कशालाच हात लावत नसे. डुकरांच्या शेडमध्ये नाकाला रुमाल बांधून भिंतीवरच्या पेटीत पंखे चालवणारं वीतभर संगणक-बोर्ड बसवायचं मी; आणि गावातल्या गार ऑफिसात रेलून, सूर्यफुलाच्या बिया चघळत, नेटवर्कवरून त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली घालायची त्याने. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण अख्ख्या मॅनिटोबा प्रांतात असा दुसरा नसेल.

"टीना, पूर्वी तुम्ही प्रणाली भरलेली मेमरी कार्डं खिशात घालून शेडशेड हिंडायचात ना?" तो हसायचा. "नुसती गाढवमेहनत!"

"हो रे बाबा, सगळे तुझ्यासारखे हुशार कुठे असतात!"

हुशारी कसली डोंबलाची! चालू होताना बोर्ड नेटवर्कवर विचारतं, माझं सामान कुठाय? डेलमारचा लॅपटॉप म्हणतो, माझ्याकडे. मग बोर्ड त्या लॅपटॉपमधल्या फायलींवर चालायला लागतं. ही नुसती तात्पुरती सोय. खरं काम पुढेच असतं: ते सगळं बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीत उतरवायचं.

जुलैत हिल्डा टीसनबाईंचं काम निघालं. नवरा गेल्यापासून बाई एकट्या नऊशे डुकरं सांभाळतात. शेड बंदिस्त, उन्हात पंखे थांबले की अर्ध्या तासात जनावरं गुदमरायला लागतात. पंख्यांचा जुना, हाताने दाबायचा खटका डेलमारने काढायलाच लावला. म्हणे, "ही अडगळ कशाला?"

मी पेटी बसवली, डेलमारला फोन केला. दहा मिनिटांत पंखे घरघरले.

"झालं बघ, बसल्या जागेवरून!" तो ओरडला. "अडीचला व्यापाऱ्यांपुढे माझं भाषण आहे, याच विषयावर."

मी माझ्या स्क्रीनवर पाहिलं. बोर्डाची मेमरी कोरी. सगळा कारभार अजून त्याच्या लॅपटॉपवरून चाललेला. अतिशहाणा शेवटची पायरी साफ विसरला होता!

सांगणार होते. पण म्हटलं, थांब. निघताना हा लॅपटॉप मिटेल, पंखे पडतील. मी इथेच आहे, दोन मिनिटांत तारा थेट जोडीन. आणि भर सभेत त्याचा फोन वाजवीन. चांगली जिरेल!

"टीना, ये गं, कलिंगड कापलंय," हिल्डाबाईंनी हाक मारली. सोबत गरम रोलकुखनही, म्हणजे मैद्याच्या पट्ट्या, तळले होते. भाषणाला तो दोनला निघेल, तोवर काही होत नाही, या हिशेबाने मी स्वयंपाकघरात टेकले.

पण फोटो काढून घ्यायला डेलमार तासभर आधी, एकलाच, लॅपटॉप मिटून निघाला होता. धोक्याचा निरोप धाडणारंही तेच बंद पडलेलं बोर्ड, त्यामुळे कुणाचाच फोन वाजला नाही. पावणेदोनला हिल्डाबाई खिडकीशी गेल्या आणि थबकल्या. "पंख्यांचा आवाज का येत नाहीये गं?"

आम्ही धावलो. दार उघडताच वाफ अंगावर आली. बाईंनी सगळी दारं उघडली, मी तारा थेट जोडल्या. पंखे फिरले, पण एकतीस जनावरं उठली नाहीत.

संध्याकाळी डेलमार आला. चूक कबूल केली, हिल्डाबाईंसमोर रडलासुद्धा. मला त्याचा तेव्हाही रागच आला.

तो गेल्यावर हिल्डाबाईंनी माझा हात धरला. "तू होतीस म्हणून बाकीची वाचली, पोरी. पण मला एक सांग, असं काही होणार हे तुम्हा लोकांना आधी दिसत नाही का गं?"

"नाही हो," मी म्हणाले, "नाही दिसत."