साच्यात कोरलेलं नाव

अण्णा, म्हणजे माझे वडील, महिनाभरासाठी दुबईला आले आणि कशासाठी आले ते मला विमानतळावरच कळलं. त्यांचा उजवा हात खिशात होता. गेल्या दिवाळीपासून तो थरथरायला लागला होता.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. तिथे माती कुणीही मळावी, रंग कुणीही द्यावा, पण मूर्तीचे डोळे घरच्या माणसानेच आखायचे, अशी आमच्याकडची रीत. आधी आजोबांनी आखले, मग अण्णांनी. त्यांच्यानंतर घरचं माणूस म्हणजे मी. आणि मी शारजात, इंडस्ट्रियल एरियात, फायबरचे रोमन देव बनवतो.

'बनवतो' हेही जरा जास्तच झालं. मी ऑर्डर घेतो, साचे तपासतो आणि डिलिव्हरीला उशीर का झाला हे गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. व्हिलाच्या बागेत, हॉटेलच्या कारंज्यात उघड्या अंगाचे जे देव उभे असतात, त्यांतले बरेच आमचे. पेणला मात्र मी 'मूर्तिकार' आहे. तसा समज झालाय आणि मी तो मोडलेला नाही.

विशीत असताना अण्णांनी एकदा हातात कुंचला दिला होता. एका टवका उडालेल्या मूर्तीवर मी डोळे आखले. गणपती सरळ शेजारच्या कारखान्याकडे बघायला लागला. अण्णांनी मूर्ती उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. पुढच्याच वर्षी मी गल्फला आलो. दोन्हींचा संबंध नाही असं मी सांगत असतो.

तर अण्णा विचारायला आले होते आणि त्यांना विचारायची फुरसत मिळू नये म्हणून मी त्यांना फिरवत होतो. मरीनाला तीनदा नेलं. बर्शातल्या मॉलमध्ये इतकं चालवलं की त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला.

"अहो, त्यांना बोलू द्या की एकदा," बायको म्हणाली.

"बोलतील ना. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला काय? घाबरलाय तुम्ही."

तेवढ्यात मुलीचं प्रोजेक्ट मदतीला आलं. विषय होता रोमन काळातले ग्रीक शिल्पकार आणि त्यांचे कारखाने. अबुधाबीच्या म्युझियमला जायला हवं होतं. म्हटलं चला, आणखी एक दिवस निघाला.

आदल्या दिवशी मी थोडं वाचून घेतलं आणि गाडी शेख झायेद रोडला लागताच सुरू झालो. रोमच्या श्रीमंतांना ग्रीक मूर्तींचं वेड. घरात, बागेत, हमामखान्यात, सगळीकडे ग्रीक मूर्ती हवी. अस्सल मूर्ती किती पुरणार? मग ग्रीक कारागिरांनी मूळ मूर्तीवरून प्लास्टरचे साचे काढले, मापं घेतली आणि संगमरवरात नकला उतरवायला सुरुवात केली. कुणी अथेन्समध्ये बसून जहाजाने माल धाडायचा, कुणी सरळ इटलीत जाऊन राहायचा.

"बाबा, यू रेड वन पेज," मागून आवाज आला.

"दीड," मी म्हणालो.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "नोकरीला गेले म्हणजे," एवढंच म्हणाले.

म्युझियममध्ये एका उंच तरुण पहिलवानाचा पुतळा होता. पांढरा संगमरवर, एक पाय पुढे, मागच्या पायाला टेकून दगडाचाच झाडाचा बुंधा. सगळे समोरून फोटो काढत होते. अण्णा मागे गेले. इतके जवळ गेले की गार्डला म्हणावं लागलं, "सर, प्लीज. डिस्टन्स."

"हा बुंधा मूळचा नाही," अण्णा म्हणाले.

"म्हणजे, आजोबा?"

"मूळ मूर्ती धातूची असणार. धातू दोन पायांवर उभा राहतो. दगड राहत नाही, घोट्यात मोडतो. ज्याने दगडात उतरवली, त्याने टेकायला झाड लावलंय."

मुलीने पाटी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. "ही इज राइट. ओरिजिनल वॉज ब्रॉन्झ." माझ्या दीड पानात हे नव्हतं.

अण्णांनी आता केसांकडे बोट दाखवलं. कुरळ्या बटांमध्ये हरभऱ्याएवढा एक उंचवटा होता. तो केस नव्हता, काहीच नव्हता. "मापाचा ठिपका. इथून इथवर किती, ते मोजायला ठेवतात आणि शेवटी छाटून टाकतात. हा राहून गेला." मग म्हणाले, "जहाज सुटायचं असेल."

पलीकडे एक रोमन गृहस्थ उभे होते, अंगभर वस्त्र घेतलेले. त्यांच्या मानेला सांधा दिसत होता. मुलीने वाचून सांगितलं की धडं कारखान्यात तयार असायची, गिऱ्हाईक आलं की त्याचं डोकं करून वर बसवायचे.

"आपल्यासारखंच," अण्णा खूश झाले. "धड साच्यातलं, मुकुट गिऱ्हाईक म्हणेल तो." आणि मग वर बघत, "याला डोळे नाहीत."

"होते, आजोबा. पेंट केलेले. कलर गेला नंतर."

"कुणी आखले?"

"नोबडी नोज."

अण्णा आणखी एक पाऊल जवळ गेले. उजवा हात खिशातच होता.

शेवटच्या दालनात रोमजवळ सापडलेला एक फुटका चौथरा होता. वरची मूर्ती हरवलेली, दगडावर फक्त ग्रीक अक्षरं. मुलीने पाटीवरून अर्थ लावला. अमक्याने, तमक्याच्या मुलाने, अथेन्सच्या माणसाने, हे केलं.

"अथेन्सचा? मग रोमला काय करत होता?"

"वर्क, आजोबा. लाइक बाबा."

मी फरशीकडे बघायला लागलो. चांगली फरशी होती.

"गावाचं नाव घातलंन," अण्णा म्हणाले. "बापाचंही घातलंन."

मुलगी फोटो काढायला पुढे गेली आणि अण्णा बाकावर बसले. मी उभाच राहिलो, कारण बसलो तर विचारतील. त्यांनी उभ्यालाच विचारलं.

"यंदा डोळ्यांचं काय करायचं?"

मी पुन्हा फरशीकडे बघितलं.

"रंगकामाला ती बाई आहे ना आपल्याकडे. वीस वर्षं झाली तिला. हात उत्तम आहे. पण तिला सांगायच्या आधी तुला विचारायला हवं. हक्क तुझा. तू येणार असशील तर तिला सांगता येत नाही. येणार नसशील आणि तिलाही सांगितलं नाही, तर कारखाना बंद करायचा. बिनडोळ्यांचे गणपती कोण नेणार?"

सरळ 'नाही' म्हणायचं होतं. वीस वर्षं ते तयार होतं तोंडात. मी म्हणालो, "बघू अण्णा. विचार करतो."

"बघ," ते म्हणाले.

दुबईतल्या कुसैसमधलं आमचं घर येईपर्यंत मी गाडीत रेडिओ लावून ठेवला.

परतीच्या विमानाला चार दिवस राहिले तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझा कारखाना राहिला बघायचा." तो मी मुद्दामच राहू दिला होता. पण आता मॉलही संपले होते.

आमच्या शेडमध्ये शिरताच समोर तोच पहिलवान उभा होता, फायबरचा. तोच पाय, तोच बुंधा. अण्णांनी बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला. मग डाव्या हाताने त्यांनी त्याला काखेत धरून सहज उचललं.

"एवढा हलका! मग झाड कशाला?"

"गिऱ्हाईक मागतं. झाडाशिवाय जुना वाटत नाही."

अण्णा पहिल्यांदा मनापासून हसले. मूर्तिकार हा शब्द त्यांनी काढला नाही. मीही नाही.

आमचा मिस्त्री पेशावरचा. त्याने "आइए चाचाजी" म्हणत अण्णांना चहाला बसवलं. मी कोपऱ्यात एकटा राहिलो. समोर एका छोट्या चौथऱ्याचा प्लास्टरचा साचा उघडा पडला होता. त्या अथेन्सवाल्यासारखं आपणही लिहावं, उत्तर देता येत नाही तर निदान एवढं तरी द्यावं, असं वाटलं. खिळा घेतला आणि साच्याच्या आत, सुबक अक्षरांत, माझं नाव कोरलं, खाली अण्णांचं, त्याखाली 'पेणकर'. मिस्त्रीने रेझिन भरलं. आम्ही डबे खाल्ले. दुपारी साचा उघडला.

अक्षरं छान उठली होती. सगळी उलटी, आरशातल्यासारखी.

मिस्त्रीने मान वाकडी करून बघितलं. "ये कौन सी ज़बान है, साहब? अरबी तो नहीं है."

अण्णांनी चष्मा लावला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सावकाश वाचलं. आधी माझं, मग स्वतःचं. स्वतःच्या नावावर बोट थांबलं.

"साच्यात उलटं कोरायचं असतं रे," ते हळू आवाजात म्हणाले. "पेणला शेंबडं पोरही सांगेल."

मी हसायला गेलो आणि हसू येईना. त्या उलट्या अक्षरांसमोर 'बघू' म्हणणं शक्यच नव्हतं.

"अण्णा, मी येणार नाही. आणि आलो तरी डोळे माझ्याच्याने होणार नाहीत. बाईंना सांगा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फोन माझ्याकडे दिला. "लाव तू. मला ते बटण दाबता येत नाही हल्ली."

मी लावला आणि स्पीकर चालू केला.

"काका, जेवलात?" तिकडून बाई म्हणाल्या.

"जेवलो. ऐक. यंदापासून डोळे तुझे."

तिकडे कुंचला डब्यात टाकल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "दादांना विचारलंत?"

"विचारलं. तो समोर आहे."

"मग दादांनाच सांगू दे मला."

अण्णांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्यांच्या हातात तो हलत होता, म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. "डोळे तुम्ही आखा," मी म्हणालो. "माझी हरकत नाही." मग ते फार सरकारी वाटलं म्हणून पुन्हा म्हणालो, "तुम्हीच आखा. मला येत नाही."

बाईंनी नाक ओढलेलं ऐकू आलं. "काका, पहिली लहान घेऊ ना?"

"लहानच घे," अण्णा म्हणाले. "आणि सकाळच्या उजेडात बस."

तो उलटा चौथरा त्यांनी टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातला. "चुकलेला आहे हो," मी म्हणालो. "दिसतंय मला," ते म्हणाले आणि चेन ओढून घेतली.

होळीच्या सुमाराला बाईंनी फोटो पाठवला. वीतभर मूर्ती, नुकते आखलेले डोळे, अजून ओले. मी तो मोठा करून करून बघितला. मागोमाग अण्णांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला.

"जरा खाली बघतोय," ते म्हणत होते. "पण बघतोय."