मागं बसणारी

सखूबाई तापट आहे असं अख्खं गाव म्हणतं, आणि गाव काही खोटं बोलत नाही. राजूर रस्त्यावरच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणारी ही बाई वेळ आली तर हेडमास्तरांपुढंही पळी नाचवते. पण ती उगाच तापत नाही. आता तिच्या मोटारसायकलचंच घ्या.

हो, तिच्याच. कागदावर नाव सखूबाईचं. नवरा धुळाजी गेला तेव्हा मागं आठ शेळ्या ठेवून गेला. त्या तिनं वाढवल्या, वर्षानुवर्षं राखल्या आणि एक दिवस सगळ्या विकून गाडी घेतली. कारण शाळा सहा किलोमीटर लांब, आणि जीपवाला माणसं कोंबल्याशिवाय हलत नसे. मुलगा बिभीषण जालन्याला बियाण्याच्या गोदामात कामाला. शाळा त्याच्या वाटेवरच. आईला सोडायचं आणि पुढं जायचं, असा साधा सरळ हिशोब होता. गाडीच्या पूजेला तिनं मागच्या चाकाच्या साडीगार्डाला, त्या जाळीला, आपल्या म्होरक्या शेळीचं घुंगरू बांधलं. दृष्ट लागू नये म्हणून.

दोन वर्षं तिनं मागं बसून काढली, आणि मागं बसणाऱ्याला गाडी जास्त कळते. चेन सैल झालेली तिच्या तळपायाला आधी कळायची. मागच्या चाकात हवा कमी असली तर कंबर सांगायची. पण तिला विचारतो कोण?

ज्यांना विचारायचं ते सगळे फाट्यावर, कल्याण मिस्त्रीच्या गॅरेजपुढं संध्याकाळी बसत. तिथं प्रत्येक जण मोठा जाणकार. एक म्हणे, टाकी निम्म्याच्या खाली जाऊच द्यायची नाही, तळाला गाळ असतो. दुसरा म्हणे, पेट्रोल सकाळच्या गारव्यात भरावं, जास्त बसतं. तिसऱ्याला आजच्या पेट्रोलात पाणी दिसे. एवढी काळजी जन्मदात्यांची केली असती तर त्यांनी पोरांचे पाय धुवून पाणी प्यायलं असतं! या शहाण्यांत बसून बिभीषणाला गाडी बोजड दिसायला लागली, आणि तो कल्याणकडून एकेक भाग काढून घ्यायला लागला. आधी आरसे गेले. मग मागची धरायची दांडी गेली. मग सीट मागून उंच झाली. स्वतःसाठी त्यानं हेल्मेट घेतलं, जॅकेट घेतलं, बोटांवर कडक कवच असलेले हातमोजे घेतले. त्याच्या बोटांना कवच, आणि आईच्या डोक्याला पदर.

सखूबाईनं विचारलं, "आता म्या कुठं धरू?"

"मला धर की. पण जॅकेट वढू नको, शिलाई उसवती."

परवा संध्याकाळी तो घरी आला तेव्हा साडीगार्डही नव्हतं, आणि त्याच्याबरोबर तिची पाय ठेवायची पट्टीही गेली होती. तिनं ओरडून घर डोक्यावर घेतलं. बिभीषण आरामात म्हणाला, "कंपनी बायकांसाठी लावून देती ते. त्यानं सारा लूक जातो. आता बघ, मागून कशी हलकी दिसून राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसली. पाय लोंबकळत, मांडीवर मसाल्याची पिशवी, एक हात जॅकेटच्या टोकाला, तोही जपून. फाट्याच्या अलीकडं खड्डा आला, पदर खांद्यावरून सुटला आणि चाकात गेला. गळ्याला हिसका बसला. नशीब, साडी जुनी होती, टरकन फाटली. सखूबाई रस्त्याच्या कडेला कोपरावर आपटली, आणि हळद-तिखट सगळं मातीत मिसळलं.

बिभीषणानं गाडी थांबवली. धावत मागं आला. आणि चाकापाशी बसला.

"चाकाच्या तारा वाकल्या का काय," तो म्हणाला.

त्या क्षणी सखूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोटच्या पोराचा इतका संताप तिला जन्मात आला नव्हता. तो नंतर वळला, "लागलं का?" असंही म्हणाला, पण ते नंतर. ती उठली, गाडीची चावी काढून कमरेला खोचली आणि उरलेला पदर गुंडाळत फाट्याकडं चालू लागली. मागून बिभीषण गाडी ढकलत आला.

कल्याण नुकतंच शटर वर करत होता.

"माझी जाळी दे," ती म्हणाली.

"काकू, ती आता कुठं घावायची? अन् तुम्ही दोन्हीकडं पाय टाकून बसा ना. ड्रेस घालत जा. आजकाल समद्या घालतात."

"म्या काय घालायचं ते तू सांगणार व्हय रे मला?"

ती गॅरेजच्या मागं गेली आणि तिथं थबकली. भिंतीला टेकवून साडीगार्डं रचली होती. एक नाही, दोन नाही, चाळीस-पन्नास. गंजलेली, चकचकीत, काळी, चंदेरी. त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढला होता, पिवळी फुलं आली होती. कल्याणच्या बायकोनं, वंदनानं, लावलेला वेल.

"कल्याण," ती म्हणाली, "या इतक्या बाया आता कशा बसत असतील रे?"

मागोमाग आलेला कल्याण हात पुसायला लागला.

"ही कोपऱ्यातली काळी तुझ्याच गाडीची ना? म्हंजी वंदनाची?"

सखूबाईनं वेल बाजूला करत एकेक जाळी हलवली. सहाव्या का सातव्या जाळीला घुंगरू वाजलं. तिनं ती ओढून काढली, दोन दोडके खाली पडले तरी पर्वा केली नाही.

"आण इकडं, बसवतो," बिभीषण हात पुढं करत म्हणाला. "पण जल्दी कर, मला उशीर हून राह्यला."

"आधी तू बस. मागं."

"आँ?"

"मागं बस. दोन्ही पाय एका बाजूला. कल्याण चालवंल. शाळेपर्यंत जायचं अन् यायचं. न्हाईतर चावी भेटणार न्हाई. गाडी माझ्या नावावर हाय."

फाट्यावर चहाला आलेली चार माणसं आता उभी राहून बघत होती. तिनं चाकातून निघालेला पदराचा फाटका तुकडा मुलाच्या खांद्यावर टाकला, मांडीवर तीच पिशवी दिली. "वढून धरू नको बरं का कल्याणला, त्याच्या सदऱ्याची शिलाई उसवंल." लोक हसले. बिभीषणाचा चेहरा लाल झाला, पण आईचे डोळे बघून तो मुकाट्यानं बसला.

अर्ध्या तासात गाडी परत आली. बिभीषण गाडीला धरून उतरला. पदराचा तुकडा त्यानं पूर्ण वाट दातांत धरला होता. कल्याणच्या सदऱ्याची एक बाही खांद्यापासून उसवलेली होती.

"आई," तो म्हणाला, "धरायचं कुठं गं?"

"त्येच तर तुला सहा म्हयने इचारून राह्यले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "त्येच."

जाळी त्यानंच बसवली. हातमोजे काढून, स्वतःच्या हातानं, बोटं खरचटेपर्यंत. पाय ठेवायची पट्टी शोधून आणली, दांडीही लावली. कल्याणनं त्या कामाचे पैसे मागितले नाहीत. तो मागं जाऊन वेलातली काळी जाळी सोडवत होता.

सखूबाई बसली. कोपर ठणकत होतं, शाळेत चूल अजून पेटायची होती, आणि तिचा राग काही उतरला नव्हता. बिभीषणानं गाडी चालू केली. एरवी तो किक मारली की निघायचा. आज त्यानं क्लच दाबून ठेवला आणि मान वळवली.

"बसली का बराबर?"

दोन वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं. सखूबाईनं दांडी धरली, पाय पट्टीवर टेकले, पदर दोनदा खोचला. हो मात्र ती लगेच म्हणाली नाही. तिनं त्याला तसंच, मान वळवून, थांबू दिलं.