घड्याळाच्या हाताला

माझी मैत्रीण व्हेनिसला निघाली आहे, हे तिने मला भोईवाड्याच्या नाक्यावर भाजीवालीसमोर उभं राहून सांगितलं. हातात मेथीची जुडी होती, ती उलटीपालटी करत म्हणाली, "अगो, आमचं ठरलं बघ. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत ना, ह्यांनी तिकिटं काढली. तीन दिवस नुसतं व्हेनिस." मी "अय्या, खरंच?" म्हटलं, आणि मग मेथी शिळी आहे म्हणून भाजीवालीशी उगाचच भांडले. मेथी ताजी होती.

सरळच सांगते. मी जळाले. बरं वाटलं पण जरासं वाईटही वाटलं, असलं काही नाही. बरं वाटलंच नाही. घरी येऊन कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले आणि डाळीचा लगदा झाला.

याचं कारण पंचेचाळीस वर्षं जुनं आहे. आम्ही दोघी परळच्या एकाच चाळीत वाढलो, दुसऱ्या मजल्यावर, दाराला दार लागून. माझे बाबा माझगावच्या गोदीत फिटर होते. एका वर्षी कुठल्याशा बोटीवरच्या माणसाने त्यांना परदेशी कॅलेंडर दिलं. वर्ष संपलं, पानं रद्दीत गेली, पण एक चित्र बाबांनी कापून मोरीच्या वरच्या भिंतीवर चिकटवलं. हिरवट पाण्याचा अरुंद कालवा. त्यावर विटांचा छोटासा पूल, दोन्ही बाजूंना कठडा नसलेला. आणि तो पूल पलीकडच्या रस्त्याला जातच नव्हता, थेट एका घराच्या दाराशी संपत होता. दाराच्या वर एक खिडकी.

आमच्या मजल्यावर वीस खोल्यांना मिळून एक जिना होता. त्यामुळे एका घरासाठी अख्खा एक पूल, ही गोष्ट आम्हाला कितीतरी वर्षं पुरली. दहाव्या वर्षी आम्ही त्या घराची वाटणी केली. दार माझं, वरची खिडकी तिची. गॅलरीत खडूने दोन रेघा मारायच्या, तो पूल. ती उपड्या बादलीवर उभी राहून खिडकीतून हाक मारायची, मी पिशवी घेऊन रेघांच्या मधून तोल सावरत दारापर्यंत जायचे. तिचा एकच प्रश्न असायचा, "कठडो नाय तर पोरां पडत नाय?" तिच्या घरी मालवणी बोलायचे. चित्र मात्र आमच्या भिंतीवर होतं, बाबा माझे होते, आणि म्हणून ते शहरही माझंच आहे असं मी मनात धरून बसले होते.

पुढे मी ड्राफ्ट्समन झाले. दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढते. नकाशात दार म्हणजे ते कसं उघडतं ते दाखवणारा पाव गोल. असे किती पाव गोल मी लोकांच्या घरांना काढून दिले असतील. मोठ्या हौसेने पासपोर्ट काढला होता, तो दहा वर्षांनी एकही शिक्का न बसता कोराच संपला. आमच्या ह्यांना घराबाहेर पडणं म्हणजे लालबागला जाऊन मसाला दळून आणणं. तेही टॅक्सीने. व्हेनिसचं नाव काढलं की म्हणतात, "पाण्यातलं शहर बघायचंय ना? जुलैत पाणी तुंबलं की हिंदमाताला जाऊ." हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केलाय की मी आता हसायचं नाटकही करत नाही.

मग मी काय करत होते, तर जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते शहर चालत होते. हल्ली सगळ्या गल्ल्यांचे फोटो असतात, बाण दाबला की एक पाऊल पुढे. डबा खाता खाता मी गल्लीगल्लीतून हिंडले आणि तिसऱ्या वर्षी मला तो पूल सापडला. तसाच. विटा तशाच, कठडा नाही, पलीकडे दार. मी कोणालाही बोलले नाही. तिला तर नाहीच.

आणि आता ती निघाली होती. त्यावर कडी म्हणजे चार दिवसांनी घरी आली आणि म्हणाली, "तू मला चालायचा रस्ता लिहून दे ना. टूरवाल्यांबरोबर गेलं की ते दोन तासांत उरकतात. आम्हाला आमचं आमचं फिरायचंय. फोनमधला तो निळा ठिपका मला कळत नाही, ह्यांना तर त्याहून नाही. तू लिहिलंस की मला कळतं."

हे खरं होतं. तिला डावं-उजवं कळत नाही. शाळेत कवायतीला ती नेहमी उलटी वळायची आणि बाई तिला रांगेबाहेर काढायच्या. तेव्हा मीच तिला शिकवलं होतं: घड्याळाचा हात आणि बांगडीचा हात. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्यात बांगड्या. तिच्याकडे तेव्हा घड्याळ नव्हतं, मी पेनाने काढून द्यायचे. तेव्हापासून आजपर्यंत तिला पत्ता सांगायचा तर तो असाच सांगावा लागतो. तिचा नवराही आता टॅक्सीवाल्याला चुकून म्हणतो, "भैया, घड्याळ के हाथ पे लेना."

मी रस्ता लिहिला. दोन दिवसांचा, आमच्या ऑफिसच्या चांगल्या कागदावर, अकरा थांब्यांचा. कुठे पाण्याच्या कडेने जायचं, कुठल्या चौकात दगडी विहीर आहे, कुठे कमानीखालून वाकून जायचं, कुठे दुपारी सावली असते. "चर्चकडे पाठ करून घड्याळाच्या हाताला वळ." "विहीर आली की बांगडीच्या हाताची बोळ." इतकं छान काम मी ऑफिसातही कधी केलं नसेल. सहावा थांबा लिहून झाला आणि माझा हात थांबला. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये तो पूल होता, रस्त्यापासून जेमतेम चाळीस पावलांवर.

मी तो लिहिला नाही. नुसता लिहिला नाही असंही नाही. रस्ता त्याच्या जवळूनसुद्धा जाऊ नये म्हणून मी एक वळसा घातला. शहर तिला मिळतंय, नवरा हौशी मिळालाय, निदान माझं दार तरी माझ्याआधी तिने बघू नये. हे मी तेव्हा अगदी शांत डोक्याने ठरवलं. कागद देताना तिने मला मिठी मारली. मी म्हटलं, "पाण्याच्या कडेने जपून चाल."

पहिल्या दिवशी तिचे फोटो यायला लागले. ती पुलावर, ती चौकात, ती आइस्क्रीमसोबत. एका फोटोत काचेच्या दारात तिच्या नवऱ्याचं प्रतिबिंब पडलं होतं, तिची पर्स त्याच्या खांद्याला आणि तो गुडघ्यावर बसून तिचा फोटो काढतोय. मी तो फोटो मोठा करून बघितला. आमचे हे समोर टीव्ही बघत होते. मी तिला लाल बदामांची रांग पाठवली आणि ह्यांना म्हटलं, "पाय खाली घ्या सोफ्यावरून." वर तिचा मेसेज आला, "तुझा कागद म्हणजे एक नंबर. एकदाही चुकलो नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी ऑफिसात कुणाच्यातरी टॉवरच्या नकाशात संडास बसवत होते, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा घामेजलेला, पण खूश.

"अगो, आम्ही हरवलो. सकाळपासून तुझ्या कागदाप्रमाणेच चाललोय, पण विहीर यायला हवी तिथे भिंत येते. आता बघ कुठे येऊन पडलोय."

तिने फोन फिरवला. हिरवट पाणी आलं. विटा आल्या. कठडा नसलेला पूल आला, त्याच्या टोकाला दार आलं. माझ्या हातातला माऊस टेबलावरून घसरून लोंबकळायला लागला.

"हा कुठला गं पूल?" तिचा आवाज आला. "तुझ्या कागदात नाही."

मला एवढंच म्हणायचं होतं, की हाच गं, हाच तो. तोंडातून निघालं, "काय माहीत. तिथे चारशे पूल आहेत. असेल कुठला तरी." आणि ती तिथे आणखी एक क्षणही उभी राहू नये म्हणून मी घाईघाईने पुढे बोलत सुटले. "तू तिथून नीघ. पुलाकडे तोंड करून बांगडीच्या हाताला वळ, पाण्याच्या कडेने जा. तिसरी बोळ घे, वर लाकडी तुळई आहे ती. ती संपली की विहिरीचा चौक लागतो."

ती चालायला लागली आणि लगेच ओरडली, "अगं, इथे तर पुढे पाणीच आलं!"

"घड्याळ कुठल्या हातात आहे तुझ्या?"

ती थांबली. मग इतकी हसली की फोनमध्ये नुसतं आकाश हलताना दिसलं. सकाळी खोलीवर चहा करताना किटलीच्या वाफेचा चटका डाव्या मनगटाला बसला होता, म्हणून नवऱ्याने घड्याळ काढून उजव्या हातात बांधलं होतं. बांगड्या तिने घातल्याच नव्हत्या, पण घड्याळ नाही तो बांगडीचा हात, हे तिचं गणित पक्कं. सकाळपासून ती माझा अख्खा कागद उलटा चालत होती. तिचा नवरा मागून म्हणाला, "तरी मी म्हणत होतो." तो काहीही म्हणत नव्हता, हे मला इथे बसून माहीत होतं. ते दोघं हसत हसत वळले आणि पाच मिनिटांत विहिरीच्या चौकात पोचले. मी संडास तसेच टाकून पाणी प्यायला उठले.

ती परत आल्यावर रविवारी घरी आली. चॉकलेटं आणली, माझ्यासाठी निळ्या काचेच्या मण्यांची माळ आणली. ह्यांना एक चॉकलेट देऊन तिने आतल्या खोलीत मला एकटीला गाठलं, आणि पर्समधून माझा कागद काढून पलंगावर ठेवला. घड्या पडून मऊ झाला होता, कोपऱ्यावर चहाचा डाग.

"परत कशाला देतेस?" मी म्हटलं.

"तू जाशील तेव्हा लागेल. बघ तरी."

सहाव्या आणि सातव्या थांब्याच्या मध्ये, माझ्या सुबक ओळींत तिचं गिचमिड अक्षर घुसवलेलं होतं. "साडेसहा. कठडा नसलेला पूल. पलीकडे गेले नाही. दार तुझं आहे."

वर न बघता मी कागदाची घडी सरळ केली.

"तू ओळखला होतास?" मी विचारलं.

"मोरीवर रोज बघत होते की मीपण. फोन लावायच्या आधीच ओळखला. म्हटलं, तू सांगतेस काय बघूया." ती माळेची गाठ सोडवत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "तू म्हणालीस, माहीत नाही. आणि मग जागाच माहीत नसताना वाट बरी सांगितलीस गो. तुळईसकट."

मला रडू आलं. मी तिला सगळं सांगितलं, वळसा घातला तेसुद्धा. बाहेर हे टीव्हीचा आवाज वाढवत होते. तिने सगळं ऐकून घेतलं, पण "ठीक आहे" असं म्हणाली नाही. माळ माझ्या गळ्यात घालून मागून गाठ मारली, जरा आवळच मारली.

थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि न राहवून विचारलं, "आणि खिडकी?"

"ती माझी होती. ती मी पोटभर बघून घेतली," ती म्हणाली. "उघडी होती. आत कुणीतरी भांडी घासत होतं."

आणि मला परत तिचा हेवा वाटला.