उठते, अंग धुते, केस विंचरते

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे शाळा नव्हती आणि असती तरी कोणी पाठवलं नसतं. तरी मला इटलीची भाषा थोडी येते. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. ती मला माझ्या पोरीनं शिकवली, आणि का शिकवली ते मला सगळ्यात शेवटी कळलं.

पोर एकुलती एक. यवतमाळला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात मी एकटीच वावर करत होते. कापसाचे ते दिवस वाईट होते. एकदा पेरलेलं उगवायचं नाही, दुसऱ्यांदा पेरलं की बोंडात अळी. मी कंटाळले होते. होळीला पोर घरी आली आणि म्हणाली, मिशनवाले तिला इटलीला पाठवणार आहेत, तिथं म्हाताऱ्या बायांची देखभाल करायला माणसं लागतात.

"आन् मी?" मी विचारलं.

"तू बी येशील ना, माय. भाषा आली पायजे पन थोडी."

मला जायचं होतं. इटली कुठं आहे ते मला माहीत नव्हतं, पण पोरीसोबत राहायचं होतं. एवढंच होतं माझं. पाडव्याला मी वावर दिराला बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यानं देऊन टाकलं, एका सालासाठी. बैल विकले. आणि शिकायला बसले.

पोर दर रविवारी यायची. शिकवायची पद्धत तिची वेगळी होती. ती खाटेवर पडायची आणि म्हणायची, "मी आल्त्सो." म्हणजे मी उठते. मग मी तिचा हात धरून तिला उठवायचं. "मी लावो" म्हटलं की पाणी आणायचं, कारण ती अंग धुते. "मी वेस्तो" म्हणजे कपडे घालते. "मी पेत्तीनो" म्हणजे केस विंचरते. प्रत्येकाच्या आधी मी. त्यांच्यात म्हणे नुसतं धुते म्हटलं की भांडी धुते की लेकराला धुते ते कळत नाही, स्वतःचं अंग असलं तर तसं सांगावं लागतं. मला ते 'मी' सोपं गेलं, आपलंच वाटलं.

"उठते म्हनते तर ऊठ ना," मी तिला म्हणायचे. "माह्या हाताची कायले वाट पाहून राह्यली?"

"म्हातारी हाय मी आता. गुडघे गेले माहे."

"तुह्ये गेले? माह्ये पाह्य."

हसायचो आम्ही. एकदा मी विचारलं, "भाजी केवढ्याले, हे नाई का त्यायच्यात? बाजार कसा करू मी तिथं?"

"ते मंग शिकवते. आधी हे पक्कं कर."

ते मग कधी आलं नाही. सगळे शब्द खाटेपासून न्हाणीपर्यंतचे. बसते, झोपते, जाग येते, बरं वाटत नाही. मी कामात बोलून बोलून पाठ केले. शेण काढताना, भाकरी थापताना. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "काय वो इटलीवाली, विमानात शेण नेशील का सारवाले?" मी म्हणायचे, तुमच्या घरचं नेते, तुमच्याकडे जास्त आहे.

पावसाळा गेला. दिवाळीच्या आत बोंडं फुटली. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करतात. वावराची जी मालकीण असेल ती दहीभात घेऊन जाते, चार झाडांवर दही शिंपडते, कापसाचा पेळू ओढून झाडाला गुंडाळते, मग बाया वेचायला लागतात. वावर बटईनं दिलेलं असलं तरी सीतादही मालकिणीचंच. बटईवाल्याची बायको ते करत नाही. करते कधी, तर वावर कायमचं तिच्याकडे आलं असेल तेव्हा.

मी दही लावलं होतं. सकाळी ताट झाकून वावरात गेले तर बाया वेचत होत्या. धुऱ्याजवळच्या, बांधाकडच्या झाडांवर दह्याचे डाग होते. माझी धाकटी जाऊ कमरेला कापसाची ओटी बांधून सगळ्यांच्या पुढं होती.

"हे कोनं केलं?" मी म्हटलं.

"म्या केलं, बाई." ती माझ्याकडे बघेना. मग बघितलं. "तुमाले माहीत नाई का?"

"काय माहीत नाई?"

"तुमच्या पोरीनं सांगतलं आमाले. वावर आता तुमीच पाहा म्हने, सालाचं नाई, पुढंबी. माय आता यवतमाळलेच राहीन. मिशनमंदी, त्या म्हाताऱ्या शिस्टरपाशी."

मी ताट तिथंच खाली ठेवलं. बाया वेचायच्या थांबल्या होत्या. एक हळूच म्हणाली, "दही तरी खाऊन घ्या, ऊन होईन." मी पांढरकवड्याच्या रस्त्याला लागले आणि यवतमाळची एसटी धरली.

बसमध्ये माझ्या मनात सगळं जुळलं एकाला एक. पोर त्या मिशनमध्ये एका म्हाताऱ्या गोऱ्या शिस्टरचं करत होती, हे मला माहीत होतं. शिस्टर इटलीची. पन्नासेक वर्षं आपल्याकडे राहिलेली, मराठी बोलायची. पोरीनंच मला कधी तरी सांगितलं होतं की म्हातारपणानं तिचं मराठी पुसलं गेलं आणि लहानपणची बोली तेवढी उरली. तिच्यापाशी राहून पोर ती बोली शिकली होती, बाकी कोणाला तिचं बोलणं कळत नव्हतं. पोर गेली तर तिच्यापाशी कोण? पोरीच्या जागी माणूस मिळाल्याशिवाय मिशनवाले पोरीला सोडणार नव्हते. तो माणूस मी.

पोर मला व्हरांड्यातच भेटली. माझा चेहरा पाहून तिनं कसं आलीस, कशाला आलीस, काही विचारलं नाही.

"काहून नाई सांगतलं मले?"

"सांगतलं असतं तर तू शिकली नसती."

खरं होतं ते. नसते शिकले.

"तुले इथं चांगलं राह्यते, माय. जेवन, दवा, सगळं. तिकडं गावात कोन हाय तुह्यं? दोन-तीन वर्षं फक्त. मंग मी नेतेच तुले."

"वावर?"

तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली.

तेवढ्यात मोठी शिस्टर बाहेर आली, तिथली कारभारीण. दक्षिणेकडची, हिंदी बोलायची. हात जोडून म्हणाली, "आप ही हैं ना? आपकी बेटी बोली, आप खुशी से आ रही हैं. हमको बहुत अच्छा लगा." तिच्या तोंडावर मला खोटेपणा दिसला नाही. तिलाही पोरीनं खोटंच सांगितलं होतं. ती मला आत घेऊन गेली.

म्हातारी खाटेवर होती. वाळलेली, पांढरी, डोक्याला रुमाल. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "मी आल्त्सो." आणि माझा हात पुढं गेला. मी नेला नाही, तो गेला, एवढ्या रविवारांची सवय. तिनं धरला. मी तिला उठवलं, काठावर बसवलं, पाठीला उशी लावली. ती काही तरी लांबलचक बोलली, ते मला कळलं नाही. मोठी शिस्टर पोरीला म्हणाली, "देखो, कितना अच्छा."

मला तेव्हा जो राग आला तो वावरातही आला नव्हता. बैलाला औताला लावण्याआधी रिकाम्या शेतात फिरवतात, तसं मला माझ्याच घरात फिरवलं होतं. आणि मी हसत फिरले होते.

"मी राहनार नाई," मी मराठीतच म्हटलं. "मले कोनी विचारलं नाई. विचारलं असतं तर पाह्यलं असतं."

मोठी शिस्टर पोरीकडे पाहायला लागली. पोर जमिनीकडे.

बाहेर आल्यावर पोर म्हणाली, "मंग माह्यं काय?"

"तुह्यं तू पाहा."

म्हातारीचा काही दोष नव्हता. तिचं वाईट वाटलं मला, अजून वाटतं. पण वाईट वाटलं म्हणून मी तिथं राहिले असते तर पोरीनं बरोबरच केलं असं झालं असतं.

त्या वर्षी पोरीचं जाणं राहिलं. पुढच्या वर्षी तिनं केरळच्या एका पोरीला शिकवलं, त्या पोरीला आधी विचारून, आणि गेली. वावर परत घ्यायला मला दिराशी पाडव्यापर्यंत भांडावं लागलं. गावाच्या चार माणसांपुढं तो म्हणाला, पोरीनं शब्द दिला होता. मी म्हटलं, वावर पोरीचं नाही. दिलं त्यानं. जाऊ अजून नीट बोलत नाही. बैल नव्हते, त्या साली मी दुसऱ्याच्या औतानं पेरलं.

पोर फोन करते. दर रविवारी. जेवलीस का विचारते, गुडघे विचारते. मी सांगते. मध्येच कधी तरी विचारते, "अजून राग हाय का?" मी म्हणते, हो. मग ती तिकडच्या थंडीचं बोलते.

मागच्या खेपेला आली तेव्हा म्हणाली, आता खरंच नेते, सगळं ठरलं आहे, फक्त तू हो म्हण. खोटं बोलत नसावी. पण तिचं खरं कोणतं हे आता मला ओळखता येत नाही, आणि त्या भरवशावर मी समुद्रापार जाणार नाही. तसंच सांगितलं. ती खूप रडली. मी वांगी चिरत होते. चिरून झाली, फोडणी दिली, आणि तिला जेवायला वाढलं.