हरीण, माझी मिनीव्हॅन आणि सासूबाई

इकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या ग्रुपचे किस्से पॉटलकच्या, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, डब्यांसारखे आहेत. कुठला कोणाचा ते आठवत नाही, पण दरवेळी घरी येताना एक वाढलेलाच असतो! त्यातले निम्मे माझ्या मिनीव्हॅनमध्ये घडलेत. आणि सगळे हरणाचे!

सांगते. पण मध्ये बोलू नका, मला अजून धडधडतं.

*

सगळं शिरीषमुळे. शिरीष कोल्हापूरचा, माझ्या नवऱ्याचा, म्हणजे अभयचा, जिवलग मित्र. ऑफिसातल्या डेव्हनं एकदा त्याला शिकारीला नेलं आणि गडी कामातून गेला. रीतसर लायसन्स काढलं, बंदूक आली, भडक नारिंगी जॅकेट आलं. फक्त पिकअप ट्रक काही आला नाही. स्वतःची गाडी इलेक्ट्रिक, आत पांढऱ्या सीट्स.

"वहिनी, तिच्यात हरीण? काहीतरीच काय!"

"आणि माझ्या गाडीत चालतं?"

"तुमच्या गाडीत ईशा किती वेळा ओकलीय! तिला आता काय होणार?"

ईशा म्हणजे आमची लेक. ती आता नववीत आहे, पण हा माणूस बालवाडीतलं काढतो!

*

पहिलं हरीण आलं त्याची गोष्ट. जंगलात आतलं सगळं काढून, साफ करून, ताडपत्रीत गुंडाळून शिरीष आणि अभयनं ते गाडीपाशी ओढत आणलं. आता मागच्या सीट्स पाडायच्या. दोघं इंजिनिअर! हा पट्टा ओढ, तो खटका दाब, शेवटी यूट्यूब. जंगलात नेटवर्क नाही. मग दिलं तसंच सीटवर आडवं टाकून.

गाडी निघाली आणि बीप बीप सुरू. सीटवर वजन आहे, बेल्ट नाही! थोडा वेळ सहन केलं, मग अभय उतरला आणि हरणाला बेल्ट लावला.

पुढे गॅस स्टेशनवर एका गोऱ्या आजीबाईंनी काचेतून आत डोकावलं. ताडपत्री बघितली, बाहेर आलेले खूर बघितले, बेल्ट बघितला. म्हणाल्या, "सेफ्टी फर्स्ट! गुड बॉईज!"

*

हे हसण्यावारी गेलं. यंदाचं मात्र माझ्या जिवाशी आलं.

रविवारी सासूबाई यायच्या होत्या. नाशिकहून, पहिल्यांदाच. सासरे गेल्यापासून त्या एकट्या. अभय रोज फोनवर "आई, ये ना" करायचा आणि त्या रोज टाळायच्या. शेवटी मलाच म्हणाल्या, "येते. पण घरात असलं तसलं काही दिसलं तर तुमच्याकडचं पाणीसुद्धा पिणार नाही हं. पुढच्या विमानानं परत!" अहो, ह्या बाई कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत!

मी आठवडाभर फ्रीज घासला. अंडी शेजारी नेऊन दिली. लोक सासू येणार म्हणून रडतात, मला मात्र त्या खरंच हव्या होत्या. अभय फोन ठेवल्यावर कसा गप्प बसून राहतो ते मी बघत होते.

आणि शनिवारी सकाळी शिरीषचा फोन. सीझनचा शेवटचा वीकेंड, डेव्हचा ट्रक बिघडलेला. मी "नाही" म्हणायला गराजमध्ये पोचेपर्यंत हा माझा नवरा व्हॅन घेऊन पसार!

*

दिवसभर मी खिडकीपाशी. फोन लागेना. एकदा लागला तर अभय ओरडला, "मिळालं! मोठं आहे!"

"अरे, उद्या आई येतायत!"

"दोन ताडपत्र्या घातल्यात. काही कळणार नाही."

आता खरी गंमत. बाहेर मरणाची थंडी, तीन तासांचा रस्ता. हे दोघं, एक नाशिकचा, एक कोल्हापूरचा. काय केलं असेल? हीटर फुल! वर सीट हीटरही चालू!

तासाभरानं शिरीषच्या मानेवर काहीतरी चाललं. मग अभयच्या बाहीवर. हरणाच्या अंगावरचे गोचीड! गारठून पडले होते बिचारे, ऊब मिळाली तशी निघाले फिरायला! हायवेच्या कडेला, बर्फात, माझा नवरा शर्ट काढून नाचत होता.

डेव्हला फोन केला तर तो ओरडलाच. "हीटर बंद करा, काचा उघडा! ते गार राहिलं पाहिजे!" पण उशीर झाला होता. मांस कापून देणाऱ्यानं वास घेतला आणि हात जोडले. गेलं सगळं वाया.

मला हरणाचं वाईट वाटलं. उगाच जीव गेला हो त्याचा.

*

मग सफाई. कार वॉश, व्हिनेगर, बेकिंग सोडा, शेवटी उदबत्त्यांचा अख्खा पुडा. गाडीत चंदनही येत होतं आणि लोणचंही. ईशा नाक दाबून म्हणाली, "Mom, this is worse."

तिला बजावलं, आजीसमोर तोंड उघडायचं नाही.

*

एअरपोर्टवर सासूबाईंना पुढे बसवलं. मी आणि ईशा मागे. गाडी हायवेला लागली. त्यांनी एकदा नाक ओढलं. मग त्यांचं लक्ष डॅशबोर्डवर गेलं.

"अभय, बाप्पाच्या डोळ्यांवर रुमाल का रे बांधलायस?"

मेले मी! काल बाप्पाला हरीण दिसू नये म्हणून ह्यानं बांधलेला. सगळी गाडी घासली, तो तेवढा राहिला!

"ऊन, आई. ऊन लागतं ना."

बाहेर बर्फ भुरभुरत होता.

"Because of the deer, Aaji," मागून आमचं रत्न बोललं.

मला रडूच यायला लागलं. आता ह्या परतीचं तिकीट काढायला सांगणार. सासूबाईंनी हात पुढे करून रुमालाची गाठ सोडली, घडी केली, पर्समध्ये ठेवली.

मग म्हणाल्या, "हीटर लावला होतात?"

"हो," अभय कसाबसा म्हणाला.

"मग नासलं असणार." त्यांनी शाल सारखी केली. "तुझे बाबा जंगलातून येताना कडाक्याच्या थंडीतसुद्धा जीपच्या काचा उघड्या ठेवायचे. नवं लग्न झालेलं, मी मागे कुडकुडत. पाय ठेवायला तरी जागा असायची का!"